उभ्या गाडीचं पुण्य

पीयूसीच्या व्हॅनमधला पोरगा आमच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहतो. लवंगी माळ पेटवल्यावर माणसं मागे सरतात ना, तसा. नव्या गाड्यांच्या वेळी तो तिथंच उकिडवा बसून मोबाइल बघत असतो. आमच्या खेपेला मात्र तो आधी स्क्रीनकडे बघतो, मग गाडीकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणतो, “काका, पास झाली!” त्या आवाजात आनंदापेक्षा आश्चर्य जास्त असतं.

खरं तर आश्चर्य वाटायचं काही कारण नाही. नियमच तसा आहे. बीएस-४ किंवा त्यानंतरची पेट्रोल गाडी जागेवर चालू ठेवली तर तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या वर चालत नाही. आमच्या जमान्यातल्या गाडीला ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. दहापट! याला मी ज्येष्ठ नागरिक सवलत म्हणतो. रेल्वेनं ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली ती अजून परत दिलेली नाही, पण धुरातली सवलत शाबूत आहे. फक्त नव्या गाडीला वर्षातून एकदा तपासणी आणि आमच्या गाडीला दोनदा. त्यालाही माझी हरकत नाही. साठी उलटल्यावर मलाही रक्त तपासायला वर्षातून दोनदा जावंच लागतं, आणि तिथला पोरगाही रिपोर्टकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघतो.

गाडी १९९८ च्या जानेवारीतली. लहान, पांढरी, वजनानं सातशे किलोच्या आतबाहेर. बँकेचं कर्ज काढून घेतली, आणि कर्ज देणारी बँक मी नोकरीला होतो तीच असल्यामुळे हप्ते चुकवायचीही सोय नव्हती. कर्ज केव्हाच फिटलं, मी निवृत्त झालो, गाडी अजून कामावर आहे. तिला पॉवर स्टिअरिंग नाही, एसी होता तो २००९ साली वारला, आणि डाव्या बाजूची काच वरखाली करायचं हँडल तुटल्यामुळे तिथं एक पक्कड लावतात. ही पक्कड ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये असते. शेजारी बसणाऱ्यानं हवा हवी असेल तर “पक्कड द्या” म्हणायचं.

आणि तिला चोक आहे. चोक म्हणजे काय, हे पस्तिशीच्या आतल्या वाचकांना सांगायला हवं. डॅशबोर्डखाली एक खुंटी असते. सकाळी गाडी गार असली की ती खुंटी ओढायची, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. मग स्टार्टर मारायचा. एकदा मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. तिसऱ्यांदा लगेच मारला तर पेट्रोल ओव्हर होतं, सगळ्या पार्किंगमध्ये पंपासारखा वास सुटतो, आणि मग दहा मिनिटं बॉनेट उघडं टाकून, आपण मुद्दामच थांबलो आहोत असा चेहरा करून उभं राहावं लागतं. वॉचमन या काळात जवळ येतो. त्याला धक्का मारायला बोलवतील की नाही याचा तो अंदाज घेत असतो.

अशी ही आमची गाडी पर्यावरणाला घातक आहे असं आमच्या मेव्हण्याचं मत आहे. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहतो, त्यामुळे त्याची मतं ताजी-ताजी पोचतात. त्यानं गेल्या वर्षी विजेवरची एक दांडगी एसयूव्ही घेतली. विजेच्या गाडीची नंबरप्लेट हिरवी असते, आणि सरकारनं हे फार चांगलं केलं नाही. पूर्वी पुण्यवान माणूस ओळखायला गंध, माळ वगैरे बघावं लागायचं. आता आरटीओच पाटी लावून देतं.

नव्या गाडीच्या पूजेच्या दिवशी पेढ्याचा पुडा माझ्या हातात ठेवून तो म्हणाला, “दाजी, आता तरी सोडा हिला. पैशाचं जाऊ द्या, पृथ्वीचा तरी विचार करा.”

मी पृथ्वीचा विचार करत नाही असं नाही. पण पंचवीस-तीस लाखांचा विचार माझ्या डोक्यात आधी येतो आणि पृथ्वीला बसायला जागा उरत नाही. हे त्याला सांगता आलं नाही. पेढा तोंडात होता.

वाद मिटवला आमच्या कन्येनं. म्हणजे मिटवायला बसली आणि अधिक पेटवून उठली. ती एका सल्लागार कंपनीत आहे, तिथं वस्तू जन्माला आल्यापासून भंगारात जाईपर्यंत वातावरणात किती कार्बन डायऑक्साइड सोडते याचा हिशेब करतात. सत्यनारायणाच्या कथेसारखं या हिशेबाचंही आहे: कुठूनही सुरू केलं तरी शेवटी आपणच अपराधी निघतो. तिनं डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला. मी लग्नपत्रिकेची कोरी बाजू आणि पेन्सिल घेतली. मेव्हणे पेढे घेऊन बसले.

“बाबा, वर्षाला किती चालवता?”

“तीन हजार किलोमीटर.”

“लिटरला?”

“पंधरा.” इथं बायकोनं आतून खाकरल्याचा आवाज आला, पण मी आकडा बदलला नाही.

“म्हणजे दोनशे लिटर. एक लिटर जाळलं की साधारण दोन पूर्णांक तीन किलो कार्बन डायऑक्साइड. झाले चारशे साठ किलो.”

मी पेन्सिल खाली ठेवली. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस मी, असा ताळेबंद पास करणार नाही. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो. पाऊण किलो जाळून सव्वादोन किलोच्या वर धूर निघतो? आमचा वाणी पाऊण किलो देऊन किलोचे पैसे घेतो तेव्हा आपण त्याला चोर म्हणतो. मग याला काय म्हणायचं? कन्येनं शांतपणे सांगितलं की पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन चिकटतात, ते त्याच्याहून जड असतात. वजन त्यांचं. म्हणजे गाडी निघताना एकटी निघते आणि वाटेत पाहुणे गोळा करत जाते. हे आमच्या घराण्यात नवीन नाही, म्हणून मी मान्य केलं.

“आता समजा तुम्ही नवी, लहान पेट्रोल गाडी घेतली. ती वीस देईल. तुमचे पन्नास लिटर वाचले. वर्षाला एकशेपंधरा किलो.”

“बघा!” मेव्हणे पेढ्यासकट उसळले.

“थांब रे मामा. पण ती नवी गाडी बनवायला काय लागतं?”

इथून पुढचा भाग मला आवडला, म्हणून सविस्तर देतो. गाडी शोरूममध्ये उगवत नाही. आधी लोखंडाचं खनिज खणायचं, ते कोळशावर वितळवायचं. एक टन पोलाद करताना दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मग ॲल्युमिनियम, ते तर विजेचं खादाड. काच, रबर, प्लॅस्टिक, रंग, रंग वाळवायच्या भट्ट्या, भाग इकडून तिकडे नेणारे ट्रक. इंग्लंडमध्ये माइक बर्नर्स-ली नावाचे गृहस्थ आहेत. त्यांच्या थोरल्या भावानं वर्ल्ड वाइड वेबचा शोध लावला. एका भावानं जगाला टाइमपास दिला म्हटल्यावर दुसऱ्याला अपराधगंड वाटणं साहजिक आहे. त्यांनी केळ्यापासून गाडीपर्यंत प्रत्येक वस्तूचा कार्बन मोजून २०१० साली पुस्तक काढलं. त्यांच्या अंदाजानं अगदी लहान, साधी गाडी घडवायला ६ टन, मध्यम गाडीला १७ टन, आणि लँड रोव्हरसारख्या सगळ्या सोयींनी सजलेल्या धुडाला ३५ टन कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. दुसऱ्या कुणी मोजलं तर आकडा थोडा कमी भरतो, पण काही टनांच्या खाली कुणीच येत नाही.

“लहान गाडीचे सहा टनच धरू,” कन्या म्हणाली. “सहा हजार किलो. भागिले एकशेपंधरा.”

मी तोंडी सांगितलं. “बावन्न.”

“बरोबर. म्हणजे नवी गाडी घेतलीत तर तिच्या जन्माचं कर्ज फिटायलाच बावन्न वर्षं जातील. त्यानंतर तुम्ही पृथ्वीवर उपकार करायला लागाल.”

मी एकसष्ट वर्षांचा आहे. म्हणजे एकशे तेराव्या वर्षापर्यंत मी गाडी चालवत राहिलो, तीही त्याच गाडीतून, तर पृथ्वीला फायदा. मी मेव्हण्याकडे बघितलं. ते पेढ्याच्या पुड्याची दोरी गुंडाळत होते. आयुष्यात इतका निर्भेळ विजय मला यापूर्वी एकदाच मिळाला होता, आणि तोही कॅरममध्ये.

विजयाचं एक वाईट असतं, तो साजरा करताना आपण बोलतो. मी म्हणालो, “आणि मामाच्या गाडीचं काय गं? ती तर पावणेदोन टनांची!”

तिनं तेही मांडलं. मेव्हणे कोथरूडहून चाकणला कामाला जातात. वर्षाला वीस हजार किलोमीटर सहज. आधीची त्यांची डिझेल गाडी यात साडेतीन टन सोडायची. विजेची गाडी एका युनिटमध्ये सहा-साडेसहा किलोमीटर जाते, आणि आपल्याकडची वीज बरीचशी कोळशाची असल्यामुळे एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम पडतात. म्हणजे मेव्हण्यांची गाडी पुण्यात धूर सोडत नाही, चंद्रपूरला सोडते. तरीसुद्धा बेरीज सव्वादोन टनांच्या आत राहते. वर्षाला सव्वा टनाच्या वर वाचले. बॅटरीसकट एवढी मोठी गाडी घडवायला बारा टन धरले तरी नऊ-दहा वर्षांत फिटंफाट, आणि वीज सौरऊर्जेवर जाईल तसं आणखी लवकर.

“म्हणजे मी जिंकलो,” मेव्हणे म्हणाले.

“मामा, तुझी ती डिझेल कुठंय आता?”

“इस्लामपूरला. साडूंना दिली.”

“चालवतात?”

“चालवतात म्हणजे? रोज मळ्यात जाऊन येतात, कराडला दोनदा. खूश आहेत.”

“आणि त्यांची आधीची व्हॅन?”

“ती त्यांनी दूधवाल्याला दिली. मागच्या सीटा काढून तो कॅन ठेवतो.”

“आणि दूधवाला आधी काय वापरायचा?”

मेव्हणे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सायकल.”

म्हणजे कोथरूडमध्ये एक माणूस पर्यावरणवादी झाला आणि त्यामुळे इस्लामपुरातला एक माणूस सायकलवरून उतरला. दूधवाल्याला मी दोष देत नाही. चाळीस लिटरचे कॅन सायकलला लावून बघा. पण नवी गाडी घेणारा जुनी “काढून टाकतो” असं म्हणतो तेव्हा ती गाडी जगातून जात नाही. नजरेआड होते. पुण्यात म्हातारी झालेली गाडी पुढच्या गावात तरुण म्हणून मिरवते, आणि तिथून हुसकलेली आणखी पुढच्या वस्तीवर. जुनी गाडी प्रत्यक्ष भंगारात गेली तरच हिशेब बंद होतो, आणि भंगाराचा भाव ऐकून माणूस साडूला फोन करतो.

मी हे सगळं टाळ्या वाजवण्याच्या तयारीत ऐकत होतो. तेवढ्यात कन्या माझ्याकडे वळली. “आणि बाबा, तुम्ही फार हसू नका. आपण आत्ता फक्त कार्बन डायऑक्साइड मोजला. त्याला वास नाही, रंग नाही, तो पृथ्वी तापवतो. तुमच्या गाडीतून त्याशिवाय जे निघतं त्याला वास आहे. जळालं-न-जळालं पेट्रोल, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं. ते साफ करायला नव्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तुमच्या गाडीत पक्कड आहे. तुमची गाडी पृथ्वीला परवडते. तुमच्या मागच्या स्कूटरवाल्याला नाही.”

हे वाक्य मला झोंबलं. पृथ्वी मोठी आहे, ती काही बोलत नाही. स्कूटरवाला बोलतो.

आणि इथंच या सगळ्या विषयाचा घोळ आहे. “हिरवं” हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या भांडणांना वापरतो. दिल्लीचं भांडण नाकाचं आहे. तिथं २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना राजधानीच्या परिसरात बंदी कायम केली. १ जुलै २०२५ पासून तर पंपांवर कॅमेरे लावून अशा गाड्यांना तेलच द्यायचं नाही असं ठरलं. गाडी पंपावर आली की कॅमेरा नंबर वाचणार आणि वय ओरडून सांगणार. इतका आरडाओरडा झाला की काही दिवसांतच सरकारला हात आखडता घ्यावा लागला. माझ्या मते चूक एवढीच होती की त्यांनी गाडीची जन्मतारीख बघितली. वर्षाला दोन हजार किलोमीटर चाललेली, कव्हर घालून ठेवलेली आजोबांची गाडी आणि चार लाख किलोमीटर तुडवलेली गाडी, दोघींना एकाच रांगेत उभं केलं. आपल्याकडे खासगी गाडीची तब्येत बघतात. पंधरा वर्षं झाली की तपासून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ. वर पर्यावरण कर. म्हणजे बावन्न वर्षांचं गणित माझ्या बाजूनं असताना पर्यावरण कर मीच भरतो, आणि पावणेदोन टन पोलाद-लिथियम रस्त्यावर आणणारे मेव्हणे हिरवी पाटी लावून फिरतात.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचीही अशीच जन्मतारीख बघितली. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, स्टिअरिंगला गिअर असलेली ती टॅक्सी. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी रस्त्यावर नाही. त्या दिवशी पेपरांत मृत्युलेख आले. माझ्या लहानपणी दादरला उतरल्यावर वडील तिच्या टपावर होल्डॉल, दोन ट्रंका आणि एक गव्हाचं पोतं चढवत, आत आम्ही सात जण, आणि टॅक्सीवाला मीटर पाडताना हळहळत असे. गाडीमागे सात माणसं! आज एका एसयूव्हीत एक माणूस आणि एक डबा ऑफिसला जातो. त्या पद्मिनी धूर सोडत हे खरं, पण म्हातारपणी त्यांना सीएनजी लावला होता. आमच्या पिढीला मधुमेहानंतर ज्वारीची भाकरी लागली, तशातला प्रकार.

आहारावरून आठवलं. मध्यंतरी आमची गाडी चढावर दम टाकायला लागली. आमचे गॅरेजवाले अण्णा बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ हुंगत राहिले. मग त्यांनी पेट्रोलची एक रबरी नळी काढून माझ्यापुढे धरली. नळी फुगलेली, बोटानं दाबली की चिकट, आणि टोकाला भेगा. अण्णा म्हणाले, “साहेब, हिला ऊस बाधतोय.”

खरंच तसं होतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते उसापासून आणि धान्यापासून करतात, आणि तेही पर्यावरणासाठीच. ऊस वाढताना हवेतला कार्बन घेतो, म्हणून जाळताना सोडलेला माफ, असं त्यामागचं गणित. विहिरीचं पाणी त्या गणितात कुणी धरलं की नाही, ते सांगली-सोलापूरकडच्या लोकांनी सांगावं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एकतृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढ्याच लिटरमध्ये गाडी थोडी कमी चालते. नव्या गाड्यांच्या नळ्या-वॉशर हे लक्षात घेऊन केलेले असतात. १९९८ च्या गाडीला कुणी सांगितलं होतं की पुढे तुला रसवंतीगृहात जेवायचंय? एका पर्यावरणानं दुसऱ्या पर्यावरणाची नळी फुगवली.

नळीसाठी मी नाना पेठेत गेलो. ज्यांनी नाना पेठेत जुन्या गाडीचा पार्ट शोधलेला नाही त्यांना पुणं कळलेलं नाही. दुकानदाराला गाडीचं मॉडेल सांगितलं तर तो वर बघत नाही. जुना पार्ट काउंटरवर ठेवायचा. तो एक नजर टाकतो, आत जातो, आणि धूळ झटकत तसाच नवा घेऊन येतो; किंवा “बंद झालं” म्हणतो. “बंद झालं” म्हणाला की पुढची पायरी जुना बाजार, बुधवारी किंवा रविवारी. तिथं माझ्या गाडीच्या बहिणी तुकड्या-तुकड्यांत मांडलेल्या असतात. एकीचा आरसा, दुसरीचं दार, तिसरीचा डायनामो. मी एकदा डाव्या काचेचं हँडल शोधायला गेलो होतो. मिळालं. घासाघीस करून चाळीस रुपयांना घेतलं. घरी येऊन बघतो तर ते उजव्या बाजूचं होतं. आता उजव्या बाजूची दोन आहेत आणि डावीकडे पक्कडच आहे.

असं करत करत या सत्तावीस वर्षांत गाडीची क्लचप्लेट, रेडिएटर, शॉकॲब्सॉर्बर, सायलेन्सर दोनदा, सीट कव्हर, बॅटऱ्या तर मोजल्याच नाहीत, सगळं बदललं. मागच्या नूतनीकरणाला इन्स्पेक्टरनं चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि ठसा उमटवून घेतला. त्या ठशाखेरीज ती तीच गाडी आहे याचा माझ्याकडेही दुसरा पुरावा नाही. या नूतनीकरणाची फी पूर्वी सहाशे रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार केली. २०२८ साली माझी पुन्हा पाळी आहे. हिची किंमत तरी दहा हजार होईल की नाही याचा मी विचार करत नाही. काही गोष्टींची चौकशी करू नये.

आता एक कबुली. मी गाडी पर्यावरणासाठी ठेवलेली नाही. मी ती ठेवली कारण ती अजून चालते, आणि चालणारी वस्तू टाकायची नाही असं आमच्याकडे होतं. आमचे वडील साबणाची संपत आलेली चकती नव्या वडीला चिकटवत. आई जुन्या धोतराची पायपुसणी करायची, आणि पायपुसणी विरली की त्याचं मोरीचं फडकं. याला तेव्हा चारचौघांत चिक्कूपणा म्हणत. कन्येच्या ऑफिसात यालाच सस्टेनेबिलिटी म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. वडिलांना हे कळलं असतं तर त्यांनी फी लावली असती.

दुसरी कबुली जास्त अवघड आहे. वर्षाला तीन हजारच किलोमीटर मी चालवतो ते संयमानं नव्हे. भीतीनं. कुठंही जायचं म्हटलं की मी आधी तिथं उतारावर पार्किंग आहे का ते विचारतो. उतार असेल तर बॅटरी बसली तरी गाडी ढकलस्टार्ट होते. सपाटीवरच्या नातेवाइकांकडे आमचं जाणं-येणं त्यामुळे कमी झालं आहे. पानशेत, लोणावळा, महाबळेश्वर बंद. घाट तर वर्ज्यच. पाऊस असेल तर बस, रात्र असेल तर रिक्षा, आणि जवळ असेल तर चालत. उलट मेव्हणे. नवी गाडी घेतल्यापासून “गाडीचं रनिंग व्हायला पाहिजे” म्हणून रविवारी सकाळी चुलीवरची मिसळ खायला ऐंशी किलोमीटर जाऊन येतात. मिसळीत मटकी असते, ती घरीही येते. पण युनिटला स्वस्त पडतं ना, मग चला! जी गाडी बिनघोर चालते ती माणसाला घरी बसू देत नाही. आमची गाडी मला घरी बसवते. बंद पडण्याची तिची ही सवय तिच्या कोणत्याही पार्टपेक्षा पर्यावरणाला जास्त उपयोगी पडली आहे, आणि आरटीओकडे ती नोंदवायला रकाना नाही.

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारची गोष्ट सांगतो. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार. मेव्हण्यांचे सासू-सासरे इस्लामपूरहून एसटीनं स्वारगेटला उतरणार होते. सोसायटीत तीन सभा होऊन आणि एक मारामारी टळून अखेर एक सामाईक चार्जर बसला आहे, आणि तिथं पूर्वी नळावर लागायचे तसे नंबर लागतात. बुधवारी रात्री मेव्हण्यांचा नंबर लागला नाही. गुरुवारी सकाळी वीज गेली. गाडीत चार टक्के होते. रिक्षा मिळेना. साडेअकराला ते माझ्या दारात आले आणि काही न बोलता उभे राहिले. मीही काही न बोलता किल्ली काढली. अशा वेळी बोलणं हा अपमान असतो. मी तो मनात केला.

चोक ओढला. एकदा मारला. थांबलो. वॉचमन दोन पावलं जवळ आला. दुसऱ्यांदा मारला, आणि गाडी खोकून, हलून, मागे एक करडा ढग सोडून चालू झाली. वॉचमनच्या चेहऱ्यावर पीयूसीवाल्या पोरासारखंच आश्चर्य. मेव्हणे डावीकडे बसले, गुडघे हनुवटीला लावून. पौड फाट्यापर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, “दाजी, पक्कड द्या.” मी दिली. त्यांनी काच खाली केली.

कर्वे रोडच्या सिग्नलला मागून एक स्कूटरवाला येऊन त्यांच्या खिडकीशी थांबला. तोंडाला रुमाल, डोळ्यांत पाणी. रुमाल खाली करून म्हणाला, “अहो काका, काय धूर हा! कोणत्या काळातली गाडी बाहेर काढलीत?”

मी काही उत्तर देणार तोच मेव्हणे खिडकीतून अर्धे बाहेर झुकले. त्यांच्या हातात पक्कड होती. “ओ, नुसता धूर बघू नका!” ते म्हणाले. “नवी गाडी घडवायला सहा टन कार्बन जातो, माहितीये? हिचं घडवून झालंय. सत्तावीस वर्षांपूर्वीच झालंय!”

स्कूटरवाल्यानं गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “मग आता थांबवा की,” तो म्हणाला.

सिग्नल सुटला. गाडीनं त्याचं ऐकलं.